तक्रार कामगाराची, चौकशी मालकाची

२०२४ सालच्या फेब्रुवारी महिन्यात रेड बुल या पेयकंपनीने आपल्या फॉर्म्युला वन शर्यतसंघाचे प्रमुख ख्रिश्चन हॉर्नर यांच्याविरुद्ध आलेल्या एका तक्रारीची चौकशी सुरू केल्याचे जाहीर केले. तक्रार संघातीलच एका स्त्री कर्मचाऱ्याची होती आणि वरिष्ठाच्या अनुचित वर्तनाबद्दल होती. चौकशीसाठी कंपनीने बाहेरच्या एका बॅरिस्टराची नेमणूक केली. साडेतीन आठवड्यांनी, २८ फेब्रुवारीला, हंगामातील पहिली शर्यत तीन दिवसांवर आली असताना, तक्रार फेटाळल्याचे कंपनीने सांगितले. चौकशीचा अहवाल गोपनीय आहे, तो प्रसिद्ध होणार नाही, हेही त्याच दमात सांगून टाकले. त्यानंतर आठवडा-दीड आठवड्याच्या आत तक्रारदार स्त्रीलाच निलंबित केल्याच्या बातम्या जगभर प्रसिद्ध झाल्या. तिने अपील केले. अपील ऐकण्यासाठी दुसरा बॅरिस्टर नेमला गेला, तोही कंपनीकडूनच. ऑगस्टमध्ये अपीलही फेटाळण्यात आले. हॉर्नर यांनी सर्व आरोप प्रथमपासून नाकारले होते. पुढे जुलै २०२५ मध्ये वीस वर्षांच्या कारकिर्दीनंतर कंपनीने त्यांना पदावरून दूर केले. त्याचेही कारण जाहीर केले नाही.

या प्रकरणात प्रत्यक्ष काय घडले याचा निवाडा वृत्तपत्राच्या कचेरीत बसून देता येणार नाही आणि तसा तो देऊही नये. प्रश्न निराळा आहे. चौकशीचा हुकूम मालकाचा, चौकशी अधिकारी मालकाने नेमलेला, अहवाल मालकाच्या तिजोरीत, तो उघड करायचा की नाही हे ठरवण्याचा अधिकारही मालकाचाच. तक्रारदाराची नोकरी मालकाच्या हाती आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तोही मालकाच्या नफ्याचा मोठा आधार. अशा व्यवस्थेत तक्रार खरी ठरली काय किंवा खोटी ठरली काय, न्याय झाला असे म्हणता येत नाही. आरोपी निर्दोष असेल तर त्याचेही निर्दोषत्व अशा बंद दाराआडच्या चौकशीने सिद्ध होत नाही. संशयाचा धूर तेवढा मागे राहतो.

झगमगाटामागील कारखाना

मोटार शर्यती हा धनिकांचा छंद, त्याच्याशी कष्टकऱ्यांना काय देणेघेणे, असे पुष्कळांना वाटेल. वरवर पाहता ते खरेही आहे. परंतु दूरचित्रवाणीच्या पडद्यावर दोन तास धावणाऱ्या त्या गाड्यांच्या मागे हजारो माणसांचे श्रम उभे असतात. कार्बन फायबरचे थर बसवणारे कामगार, यंत्रे चालवणारे, जोडारी, चाके बदलणारे मेकॅनिक, अभियंते, मालमोटारी हाकणारे, स्वयंपाकी, सफाई कामगार अशा सर्वांच्या हातून एक गाडी शर्यतीला उभी राहते. २०२४ साली फॉर्म्युला वनच्या २४ शर्यती जगाच्या निरनिराळ्या खंडांत झाल्या. संघाबरोबर फिरणारा मेकॅनिक वर्षातील कितीतरी आठवडे घरापासून दूर, हॉटेलात आणि विमानतळावर काढतो. रात्रीचा दिवस करून काम, वरिष्ठाशी चोवीस तासांचा सहवास आणि पुढच्या हंगामाचा करार मिळेल की नाही याची सततची धास्ती, अशी ही नोकरी आहे. छळाला आणि अपमानाला याहून सोयीची जमीन दुसरी कोणती असणार?

या धंद्याची मालकी कोणाकडे आहे हेही पाहिले पाहिजे. २०१७ सालापासून फॉर्म्युला वनचे व्यापारी हक्क लिबर्टी मीडिया या अमेरिकन भांडवलदार कंपनीच्या हाती आहेत. २०२४ साली या धंद्याचे उत्पन्न तीन अब्ज डॉलरच्या वर गेले. २०२१ पासून प्रत्येक संघाच्या वार्षिक खर्चावर मर्यादा घालण्यात आली आणि आरंभी ती साडेचौदा कोटी डॉलर ठरली. ही मर्यादा काटकसरीचे आणि समान स्पर्धेचे पाऊल म्हणून वाखाणली गेली. पण तिच्या तपशिलात एक बोलकी गोष्ट आहे. शर्यतचालकांचे मानधन आणि संघातील सर्वाधिक पगाराच्या तीन व्यक्तींचे वेतन या मर्यादेतून वगळलेले आहे. म्हणजे कात्री लागायची ती मेकॅनिकच्या, कारागिराच्या आणि कनिष्ठ अभियंत्याच्या वेतनाला. वरच्यांची तिजोरी मोकळी. जेथे पगाराची अशी उतरंड नियमपुस्तकातच लिहून ठेवलेली आहे, तेथे खालच्याने वरच्याविरुद्ध केलेल्या तक्रारीला काय वजन असणार, हे सांगायला नको.

जुनाच भेदभाव

स्त्रियांना आणि कृष्णवर्णीयांना या धंद्याच्या दारातच अडवण्याची परंपरा जुनी आहे. अमेरिकेतील इंडियानापोलिस येथील जगप्रसिद्ध शर्यतमैदानात गॅरेज आणि पिट या कामाच्या जागी १९७१ सालापर्यंत स्त्रियांना प्रवेशच नव्हता. वार्ताहर असो वा गाडीची मालकीण असो, स्त्री म्हणून तिने कुंपणाबाहेर उभे राहायचे. फॉर्म्युला वनमध्ये १९७५ साली स्पेनमधील शर्यतीत इटलीच्या लेला लोम्बार्डी यांनी अर्धा गुण मिळवला. त्या शर्यतीला अर्धशतक उलटून गेले, तरी दुसऱ्या कोणत्याही स्त्रीला गुण मिळवण्याची संधी मिळालेली नाही. शर्यतीआधी गाड्यांसमोर सजवून उभ्या केलेल्या तरुणींची प्रथा मात्र २०१८ पर्यंत चालू राहिली. स्त्रीला शोभेची वस्तू म्हणून जागा होती, श्रमिक आणि तंत्रज्ञ म्हणून नव्हती. पूर्ण वेळाची शर्यत अभियंता म्हणून फॉर्म्युला वनमध्ये पहिल्या स्त्रीची नेमणूक व्हायला २०२५ साल उजाडावे लागले.

वर्णभेदाची कहाणी याहून कडवट आहे. वेंडेल स्कॉट हे व्हर्जिनियातील कृष्णवर्णीय चालक स्वतःची गाडी स्वतःच दुरुस्त करून नॅसकार या अमेरिकन शर्यतसंस्थेच्या स्पर्धांत उतरत. १ डिसेंबर १९६३ रोजी फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल येथे त्यांनी शर्यत जिंकली, पण विजयी म्हणून एका गोऱ्या चालकाचे नाव पुकारले गेले. प्रेक्षक निघून गेल्यानंतर अधिकाऱ्यांनी चूक कबूल केली. स्कॉट यांचे १९९० साली निधन झाले. त्या विजयाचा चषक त्यांच्या कुटुंबीयांना मिळाला २०२१ साली, अठ्ठावन्न वर्षांनी. कूर्मगतीच्या न्यायाची याहून अपमानकारक उदाहरणे थोडी सापडतील.

हे जुन्या जमान्यातले, आता दिवस पालटले आहेत, असे सांगितले जाते. सात वेळा जगज्जेतेपद मिळवणारे ल्युइस हॅमिल्टन २००८ साली बार्सिलोनाच्या मैदानावर सरावाला आले असता प्रेक्षकांतील काहींनी तोंडाला काळे फासून त्यांची टवाळी केली होती. त्यांच्या पुढाकाराने नेमलेल्या आयोगाने जुलै २०२१ मध्ये अहवाल दिला. फॉर्म्युला वनच्या एकूण नोकरवर्गात कृष्णवर्णीयांचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी असल्याचे त्यात नोंदले आहे. २०१८ साली मर्सिडीज संघाला एका मुस्लिम सहकाऱ्याचा वंशद्वेषी छळ केल्याबद्दल चार कर्मचाऱ्यांना कामावरून काढावे लागले. २०२२ साली अ‍ॅस्टन मार्टिन संघाच्या कारखान्यात कंत्राटावर राबलेल्या एका कामगाराने वर्णावरून आणि समलिंगी असल्यावरून आपल्याला शिवीगाळ होत असे, हे वृत्तवाहिनीसमोर येऊन सांगितले. असे वर्तन आम्ही खपवून घेत नाही, असे उत्तर कंपनीने दिले. परंतु कंत्राटी कामगाराला आपली दाद मागण्यासाठी कारखान्यात जागा नसावी आणि वृत्तवाहिनीचे दार ठोठवावे लागावे, यातच सर्व काही आले.

समझोत्याचा पडदा

जून २००८ मध्ये अमेरिकेत एक खटला उभा राहिला. नॅसकारच्या शर्यतींत गाड्यांची तांत्रिक तपासणी करणाऱ्या एका कृष्णवर्णीय स्त्री अधिकाऱ्याने संस्थेविरुद्ध साडेबावीस कोटी डॉलरचा दावा लावला. २००५ पासून २००७ पर्यंत तिने तेथे काम केले होते. वर्ण आणि लिंगावरून भेदभावाचे ३४ आणि लैंगिक छळाचे २३ प्रसंग तिने दाव्यात नमूद केले. वरिष्ठांकडे गाऱ्हाणे नेल्यावर आपल्यालाच कामावरून काढले, असे तिचे म्हणणे होते. नॅसकारने सर्व आरोप नाकारले, मात्र पुढे आपल्याच दोन अधिकाऱ्यांना नारळ दिला. डिसेंबर २००८ मध्ये दोन्ही बाजूंत समझोता झाला आणि त्याच्या अटी गुप्त राहिल्या.

खटला लढवण्याचे सामर्थ्य नसलेल्या एकट्या कामगाराने समझोता स्वीकारला, तर त्याला दोष देण्याचे कारण नाही. पोटापाण्याचा प्रश्न सर्वांनाच असतो. पण गुप्त समझोत्याने मालक काय विकत घेतो, हे समजून घेतले पाहिजे. तो विकत घेतो ते मौन. त्याच मैदानावर काम करणाऱ्या दुसऱ्या स्त्रीला, आपल्याआधी कोणी तक्रार केली होती, काय केली होती, तिचे पुढे काय झाले, यातले काहीच कळत नाही. प्रत्येक पीडित व्यक्ती पहिलीच आणि एकटीच ठरते. एका प्रसंगाचे दुसऱ्याशी नाते जुळू न देणे, हा या पडद्याचा खरा उपयोग आहे.

संघटनेची धास्ती

मालकवर्गाला सर्वांत मोठी धास्ती याच नात्याची वाटते. याला नॅसकारचा इतिहास साक्षी आहे. ही संस्था १९४८ साली बिल फ्रान्स यांनी स्थापन केली आणि ती फ्रान्स घराण्याच्या हुकमतीखाली वाढली. १९६१ साली कर्टिस टर्नर आणि टिम फ्लॉक या चालकांनी टीमस्टर्स या कामगार संघटनेच्या मदतीने चालकांची युनियन उभारण्याचा प्रयत्न केला. टर्नर यांचा स्वतःचा हेतू निर्भेळ नव्हता. शर्यतमैदानाच्या कर्जातून सुटण्यासाठी त्यांना संघटनेकडून पैसा हवा होता. परंतु विमा, निवृत्तिवेतन आणि बक्षिसाच्या रकमेत वाढ या मागण्या रास्तच होत्या. बिल फ्रान्स यांनी दोघांवर आजन्म बंदी घातली आणि ती चार वर्षे उठवली नाही. १९६९ साली टॅलाडेगा येथील नव्या मैदानावर टायर फाटू लागले, तेव्हा रिचर्ड पेटी यांच्या नेतृत्वाखाली प्रमुख चालकांनी शर्यतीवर बहिष्कार टाकला. मालकाने बदली चालक उभे करून शर्यत रेटून नेली. ज्या संस्थेने विम्याची आणि जिवाच्या सुरक्षिततेची सामुदायिक मागणीही चिरडून टाकली, तिच्यात चाळीस वर्षांनी एका कृष्णवर्णीय स्त्रीच्या तक्रारीला कोणाचा पाठिंबा मिळणार होता? हे दोन प्रसंग एकाच साखळीचे दुवे आहेत.

एकजुटीचे बळ या धंद्यालाही अपरिचित नाही. जानेवारी १९८२ मध्ये, वर्णद्वेषी राजवटीखालील दक्षिण आफ्रिकेत, कायलामीच्या शर्यतीआधी फॉर्म्युला वनच्या चालकांनी परवान्यातील जाचक अटींविरुद्ध संप केला. निकी लाउडा आणि दिदिए पिरोनी हे त्यांचे पुढारी होते. चालक एका हॉटेलच्या दालनात रात्रभर एकत्र राहिले आणि दुसऱ्या दिवशी आयोजकांना बोलणी करावी लागली. डिसेंबर २०२३ मध्ये पॅरिसस्थित आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाने एका संघप्रमुखाची आणि फॉर्म्युला वनच्या एका कर्मचाऱ्याची हितसंबंधांच्या संशयावरून चौकशी करत असल्याचे जाहीर केले. नाव न घेताही तो रोख स्त्री चालकांच्या स्पर्धेच्या संचालिका सूझी वूल्फ यांच्याकडे असल्याचे सर्वांना उमगले. दुसऱ्याच दिवशी नऊ संघांनी एकाच मजकुराची पत्रके काढून आपली काही तक्रार नसल्याचे सांगितले आणि त्यानंतरच्या दिवशी महासंघाने पाऊल मागे घेतले. नऊ जणांनी एका सुरात बोलले की बलाढ्य महासंघही अठ्ठेचाळीस तासांत नमतो, हा त्याचा धडा आहे. पण सूझी वूल्फ यांच्यामागे नऊ संघ होते. कारखान्यात थर बसवणाऱ्या कामगाराच्या किंवा कचेरीतील टंकलेखिकेच्या मागे कोण आहे?

याच महासंघाने डिसेंबर २०२४ मध्ये किगाली येथील सर्वसाधारण सभेत आपल्या नियमांत बदल केला. नीतिविषयक तक्रारींच्या चौकशीवरील देखरेख सिनेट या मंडळाकडून काढून ती महासंघाचे अध्यक्ष आणि सिनेटचे अध्यक्ष यांच्या हाती देण्यात आली. तक्रार अध्यक्षांबद्दलच असेल तर काय, या प्रश्नाचे उत्तर सामान्य बुद्धीच्या माणसालाही देता येईल.

कायदा आणि त्यामागील ताकद

फॉर्म्युला वनचे बहुतेक संघ इंग्लंडमध्ये आहेत आणि तेथे २०१० चा समता कायदा आहे. पण कायद्याच्या दारापर्यंत पोचण्याची वाट किती अरुंद करता येते, हेही त्याच देशाने दाखवले. जुलै २०१३ मध्ये तेथील सरकारने रोजगार न्यायाधिकरणात दाद मागण्यासाठी फी लावली. भेदभावाच्या दाव्यासाठी ती १,२०० पौंडांपर्यंत जात असे. दाव्यांची संख्या दोन तृतीयांशांहून अधिक घसरली. मालक रातोरात सज्जन झाले म्हणून ती घसरली नाही. कामगाराच्या खिशात फी नव्हती म्हणून घसरली. युनिसन या कामगार संघटनेने चार वर्षे न्यायालयीन लढा दिला आणि २६ जुलै २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही फी बेकायदा ठरवली. ऑक्टोबर २०२४ पासून लैंगिक छळ होऊ नये यासाठी आगाऊ उपाय योजण्याचे बंधन तेथील मालकांवर आले. २०२५ च्या रोजगार हक्क कायद्यात छळाबद्दल बोलण्यास बंदी घालणारे करार रद्दबातल ठरवण्याची तरतूद आली. यांतील एकही सुधारणा कोणा संघमालकाच्या सदिच्छेतून आलेली नाही. संघटित कामगार आणि स्त्रियांच्या चळवळीने ती ओढून आणली आहे.

आपल्या देशातील आखाडा

भारतीय वाचकाला या सर्वांत काही अनोळखी वाटणार नाही. जानेवारी २०२३ मध्ये विनेश फोगट, साक्षी मलिक, बजरंग पुनिया हे नामवंत कुस्तीगीर दिल्लीच्या जंतरमंतरवर धरणे धरून बसले. भारतीय कुस्ती महासंघाचे तत्कालीन अध्यक्ष व सत्ताधारी पक्षाचे खासदार ब्रिजभूषण शरण सिंग यांच्यावर स्त्री कुस्तीगिरांच्या लैंगिक छळाचे आरोप होते. ते त्यांनी नाकारले. सरकारने देखरेख समिती नेमली, पण तिचा अहवाल जनतेसमोर ठेवला नाही. खेळाडूंना सर्वोच्च न्यायालयात जावे लागले, तेव्हा कुठे २८ एप्रिलला पोलिसांनी गुन्हा नोंदवला. २८ मे रोजी, नव्या संसद भवनाचे उद्घाटन चालू असताना, देशाला पदके मिळवून देणाऱ्या मुलींना दिल्लीच्या रस्त्यावर पोलिसांनी फरफटत नेले. शेतकरी आणि कामगार संघटना, स्त्रियांच्या संघटना आणि खाप पंचायतींतील सामान्य माणसे त्यांच्या मागे उभी राहिली, म्हणून प्रकरण दडपता आले नाही. मे २०२४ मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने आरोप निश्चित केले. मिल्टन कीन्सचा शर्यतसंघ आणि दिल्लीचा कुस्ती महासंघ यांत हजारो मैलांचे अंतर आहे, पण तक्रार ऐकणारा आणि सत्ता गाजवणारा एकच, ही व्यवस्था दोन्हीकडे सारखीच आहे.

आपल्याकडील कायद्याचा जन्मही लढ्यातून झाला. राजस्थानातील भटेरी गावात साथीण म्हणून काम करणाऱ्या भंवरीदेवी यांच्यावर १९९२ साली अत्याचार झाला. बालविवाह रोखण्याचे सरकारी काम त्या करत होत्या. स्त्री संघटनांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतल्यावर १९९७ साली विशाखा निकालाने मार्गदर्शक तत्त्वे घातली गेली आणि आणखी सोळा वर्षांनी, २०१३ साली, कायदा झाला. या कायद्यात कंत्राटी, रोजंदारी आणि शिकाऊ अशा सर्व श्रमिकांचा समावेश आहे. घरकामगार स्त्रियाही त्यात येतात. दहा वा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असणे सक्तीचे आहे आणि तिची प्रमुख स्त्री असली पाहिजे. चौकशी नव्वद दिवसांत संपली पाहिजे. कागदावर हे पुष्कळ आहे. परंतु समितीचे सदस्य नेमण्याचा अधिकार मालकालाच आहे. म्हणून जेथे युनियन जागी नाही, तेथे ही समिती फलकावरील नावांपुरती उरते. चाकणपासून मानेसर आणि ओरगडमपर्यंतच्या मोटार कारखान्यांत कंत्राटी व शिकाऊ म्हणून राबणाऱ्या तरुण स्त्री-पुरुषांना हे नव्याने सांगावे लागत नाही.

ही जबाबदारी कामगार चळवळीनेही पुरतेपणी ओळखली पाहिजे. वेतन, बोनस आणि कामाचे तास हे युनियनचे प्रश्न आणि स्त्रीचा अपमान वा जातिवाचक शिवी ही खाजगी बाब, अशी वाटणी मालकाला फार सोयीची असते. अपमानित कामगार गप्प बसतो आणि गप्प बसलेला कामगार वेतनासाठीही उभा राहत नाही. छळ करणारा कित्येकदा आपल्याच रांगेतला सहकारी असतो, ही गोष्ट झाकून ठेवून एकजूट टिकत नाही. एकजुटीच्या नावाखाली पीडितेला गप्प करणारी युनियन मालकाचेच काम करत असते.

यासाठी मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. चौकशी समितीत कामगारांनी निवडलेले प्रतिनिधी हवेत. चौकशी करणारा मालकाच्या पगारावर नसावा. पीडितेचे नाव गुप्त राहो, पण निष्कर्ष आणि झालेली कारवाई कामगारांसमोर आली पाहिजे. तक्रार प्रलंबित असताना तक्रारदाराला निलंबित करण्यास वा तिची बदली करण्यास बंदी हवी. मौन विकत घेणारे करार बेकायदा ठरले पाहिजेत. कंत्राटी कामगाराची तक्रार मूळ मालकाने ऐकलीच पाहिजे. आणि क्रीडा महासंघांच्या पदाधिकाऱ्यांविरुद्धची चौकशी त्यांच्या हुकमतीबाहेरील यंत्रणेकडे सोपवली पाहिजे.

या मागण्या सिल्व्हरस्टोनच्या कारखान्यातील कामगाराच्या आहेत, तशाच जंतरमंतरवर बसलेल्या कुस्तीगिरांच्या आणि चाकणच्या शिकाऊ मुलीच्याही आहेत. प्रत्येक कारखान्यात आणि कचेरीत अंतर्गत समिती आहे की नाही, तिच्यात कोण आहे, वर्षभरात तिच्यापुढे काय आले, हे प्रश्न युनियनच्या पुढील सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर पहिल्या ओळीत आले, तर कामाची सुरुवात झाली असे म्हणता येईल.